कागदावर शिवलेली चांदणी

दादीचा दुपट्टा, अब्बूंचा जुना कुर्ता, बाळाचं झबलं. असे कपडे फेकवत नाहीत. त्यांची गोधडी करावी असं अनेक भगिनींना वाटतं. साध्या गोधडीत तुकडा थोडा तिरका गेला तरी चालतं, धावदोरा सगळं सांभाळून घेतो. पण चांदणीसारखी नक्षी करायची तर टोकाला टोक भिडलं पाहिजे. त्यासाठी ‘फाउंडेशन पेपर पीसिंग’ ही पद्धत उपयोगी आहे. यात नक्षी कागदावर काढतात आणि कापड कागदासकट त्या रेषेवर शिवतात. कापड नेमकं कापता आलं नाही तरी बिघडत नाही, रेषा नेमकी हवी.

आठ टोकांची १२ इंची चांदणी करून बघू. तिला असे चार कागद लागतात : ६ × ३ इंचाचा आयत काढा. वरच्या लांब बाजूच्या मध्यापासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेषा ओढा. मधल्या मोठ्या त्रिकोणाला १, बाजूच्या दोघांना २ आणि ३ नंबर द्या. चारही बाजूंनी पाव इंच माया सोडून बाहेरची रेषा काढा. प्रिंटर नसला तरी मुलांचं कंपासपेटीतलं सामान पुरतं.

नंबर १ साठी ७.५ × ४ इंचाचा फिका तुकडा घ्या. २ आणि ३ साठी ४.५ इंचाचा गडद चौकोन तिरका कापला की दोन्ही त्रिकोण मिळतात.

आता मुख्य गोष्ट : कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला लावायचं आणि टीप रेषेच्या बाजूने मारायची.

१. फिका तुकडा सुलट बाजू वर ठेवून कोऱ्या बाजूला टाचा. उजेडात धरून बघा, १ नंबरची जागा मायेसकट झाकली गेली पाहिजे.

२. १ आणि २ मधल्या रेषेवर पुठ्ठा ठेवून कागद मागे दुमडा. बाहेर आलेलं कापड पाव इंच ठेवून कापा.

३. गडद त्रिकोणाची लांब बाजू त्या कडेला जुळवा. सुलट बाजूवर सुलट बाजू आली पाहिजे.

४. रेषेवर टाचणी लावून त्रिकोण उलगडून बघा. २ नंबरची जागा मायेसकट झाकली जात असेल तरच शिवा.

५. कागद पालटून रेषेवर टीप मारा. टाका बारीक हवा, इंचात १६-१७. त्यामुळे कागद पुढे सहज फाटतो. टीप रेषेच्या थोडी आधी सुरू करा, थोडी पुढे संपवा.

६. त्रिकोण उलगडून कोरडी इस्त्री फिरवा. वाफेने कागद सुरकुततो. मग ३ नंबर असाच लावा.

चौथी पायरी अजिबात टाळू नका. बारीक टाके उसवताना जुनं, विरलेलं कापड फाटतं, आणि दादीचा दुपट्टा बाजारात पुन्हा मिळत नाही. म्हणून पहिला कागद जुन्या चादरीवर करून बघा.

शेवटी बाहेरच्या रेषेवर कापा. त्रिकोणाचं टोक कडेपासून पाव इंच आत दिसेल. ते तसंच राहू द्या, जोडताना ती माया आत जाते. तिथेच कापलं तर टोक बोथट होतं.

मध्ये ६.५ इंचाचा गडद चौकोन ठेवा, कोपऱ्यांत ३.५ इंचाचे चार फिके चौकोन, आणि बाजूंना हे चार तुकडे, टोक आतल्या बाजूला करून. तीन ओळी शिवा, मग ओळी एकमेकींना पाव इंच मायेने जोडा. कागद त्यानंतरच फाडा, तोवर तो कापडाला ताणू देत नाही.

एक लक्षात ठेवा, या पद्धतीत नक्षी आरशासारखी उलटी येते. चांदणीला फरक पडत नाही, पण नाव किंवा अक्षर काढायचं असेल तर कागदावर उलटं काढा.