कॉम्प्युटरचा आवाज मध्येच आपोआप कमी होतोय? नवे स्पीकर घेण्याआधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या बाबांनी पेपरमधली कानाच्या मशीनची जाहिरात कापली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली. घरात कुणाला काही बोलले नाहीत. आईने विचारलं तेव्हा कळलं की रोज सकाळी कॉम्प्युटरवर नाट्यगीतं ऐकताना त्यांना मध्येच एकदम कमी ऐकू यायचं. दहा-पंधरा मिनिटांनी परत नीट. वय ७१, त्यामुळे त्यांनी स्वतःच निदान करून टाकलं: कान गेले!

मी आधी स्पीकरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, साउंड कार्ड गेलंय, नवीन टाका. म्हणजे एकाच्या मते कान खराब, दुसऱ्याच्या मते कॉम्प्युटर. प्रत्यक्षात दोन्ही ठणठणीत होते.

झालं असं होतं की बाबांचा ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप रोज सकाळी ऑनलाइन योगासनं करतो. योगासनं संपली की बाबा मीटिंगची खिडकी बंद करायचे, निदान त्यांना तसं वाटायचं. खरं तर ती फक्त खाली जाऊन बसायची. मीटिंग चालूच, सगळ्यांचे माईक बंद, त्यामुळे कुठूनच आवाज नाही. आणि इकडे यूट्यूबवर गाणं लावलं की ते दबक्या आवाजात. पलीकडे कुणीतरी मीटिंग संपवली की गाणं एकदम पूर्ववत. मधल्या काळात बाबांनी स्पीकरचं बटण वाढवून ठेवलेलं असलं, तर शेजारच्यांनासुद्धा नाट्यसंगीताचा लाभ!

हा बिघाड नाही, ही विंडोजची सोय आहे. रेडिओवर निवेदक बोलायला लागला की मागचं संगीत हळू होतं, ते आठवतंय ना? त्याला डकिंग म्हणतात. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून हीच युक्ती कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉल किंवा मीटिंग चालू आहे असं विंडोजला वाटलं, की ती बाकी सगळे आवाज ८० टक्क्यांनी कमी करते. हे तुम्ही कधी निवडलेलं नसतं, सेटिंग मुळातच तसं येतं. गोंधळ वाढतो तो यामुळे की खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर आकडा तसाच दिसतो. आकडा ७० आणि आवाज मात्र कुजबुजल्यासारखा.

बंद कसं करायचं? विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, समोर आलेल्या चौकटीत इंग्रजीत कंट्रोल टाइप करून एंटर मारा. कंट्रोल पॅनल उघडेल. त्यात हार्डवेअर अँड साउंड, मग साउंड. जी छोटी खिडकी येईल तिच्यात वर चार टॅब दिसतात, शेवटचा कम्युनिकेशन्स. तिथे चार पर्याय असतात: बाकीचे आवाज पूर्ण बंद, ८० टक्के कमी, ५० टक्के कमी आणि डू नथिंग. शेवटचा निवडा, ओके म्हणा, झालं. बाबांच्या कॉम्प्युटरचा ‘आजार’ दोन मिनिटांत गेला, खर्च शून्य रुपये.

पण प्रत्येक घरात हेच कारण असेल असं नाही. म्हणून पुढच्या वेळी आवाज पडला की लगेच बटणं दाबत सुटू नका. आधी एकच गोष्ट बघा: व्हॉल्यूमचा आकडा स्वतःहून हलतोय का?

आकडा हलत असेल, तर कुणीतरी ‘कमी कर’ असा निरोप पाठवतंय. बहुतेक वेळा तो कीबोर्ड असतो. चहा सांडून चिकट झालेलं व्हॉल्यूमचं बटण अडकून बसतं. हेडफोनच्या वायरवरचं छोटं चाकसुद्धा हा उद्योग करू शकतं. दोन्ही काढून ठेवा, तासभर बघा. आकडा जागेवर राहिला तर चोर सापडला.

आकडा हलत नाही, पण एकाच ठिकाणचा आवाज कमी आहे? मग स्पीकरच्या चिन्हावर राईट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. विंडोजमध्ये प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा ठेवता येतो आणि कधीतरी चुकून ब्राउझरची पट्टी खाली ओढली गेलेली असते. यूट्यूबचं तर आणखी वेगळंच गणित आहे. ते फार मोठ्या आवाजाचे व्हिडिओ थोडे खाली आणतं, पण मुळातच हळू असलेले वर नेत नाही. त्यामुळे जुन्या रेकॉर्डवरून घेतलेलं गाणं हळू वाजतं आणि लगेच पुढचं आजकालचं गाणं अंगावर येतं. तिथे तुमच्या मशीनचा काही दोष नाही.

गाण्यात जोरदार भाग आला की मागून सगळंच दबतं आणि मग हळूहळू वर येतं, असं होत असेल तर संशय ‘आवाज सुधारणाऱ्या’ सोयींवर घ्या. लाउडनेस इक्वलायझेशन वगैरे नावं असतात. सिनेमातले संवाद ऐकायला ती बरी, पण तबला-पखवाजाची वाट लावतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन आपल्या स्पीकरच्या नावावर क्लिक करा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करून बघा. लॅपटॉप कंपनीने आवाजाचं स्वतःचं ॲप दिलं असेल तर त्यातही डोकवा.

ब्लूटूथ हेडफोनची तऱ्हा वेगळी. गाणी ऐकताना ते एका पद्धतीने जोडलेले असतात आणि माईक सुरू झाला की कॉलच्या पद्धतीवर जातात. त्यात दोन्ही बाजूंचा वेगवेगळा आवाज जातो, गाणं टेलिफोनवरून ऐकल्यासारखं पातळ होतं. उपाय सोपा: ऐकायला हेडफोन ठेवा, पण मीटिंगच्या ॲपमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा.

आता उरली वायर. आवाज कमी होताना खरखर येते किंवा एकाच बाजूने ऐकू येतं, तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. पिन हळूच फिरवून बघा. डेस्कटॉप असेल तर पुढची पिन काढून कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या भोकात लावा, पुढचं बऱ्याचदा सैल झालेलं असतं. मग तोच हेडफोन किंवा स्पीकर मोबाईलला जोडा (पिनची जागा नसेल तर टीव्हीला). तिथेही तीच कटकट असेल तर कॉम्प्युटर निर्दोष. आणखी एक, स्पीकरवरचं गोल बटण. त्याच्या आत धूळ बसते, दमट हवेत आतले पत्रे काळे पडतात आणि बटणाला नुसता धक्का लागला तरी आवाज वरखाली होतो. स्पीकर बंद करून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको!

सगळं करूनही फरक नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ऑडिओचा ड्रायव्हर काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, विंडोज बहुतेक वेळा तो परत स्वतः बसवते. नव्याने लागलाच तर कॉम्प्युटर किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झालेत, इथे क्लिक करा’ अशा जाहिराती आणि स्क्रीनवर झळकणारे मदतीचे नंबर यांच्या नादी लागू नका. आवाजाची तक्रार राहील बाजूला आणि बँकेचं खातं रिकामं व्हायचं.

आणि कानांचं काय? बाबांना मी इतकंच विचारलं होतं: कुकरची शिट्टी, दाराची बेल, टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येतात का? ते म्हणाले, येतात की. फक्त कॉम्प्युटरच हळू असेल तर आधी कॉम्प्युटर तपासा. माणसांचं बोलणंही पुन्हा पुन्हा विचारावं लागत असेल, तर मात्र डॉक्टरकडे जायला लाजू नका. जाहिरात बघून परस्पर मशीन घेऊ नका, कारण कधीकधी नुसता मळ साठलेला असतो.

बाबांनी ती जाहिरात अजून फेकलेली नाही. काचेखालीच आहे, मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ‘मीटिंग सोडताना लाल बटण’ असं लिहून ठेवलंय.