वऱ्हाडात राहायचं तर आधी पाणी विचारा

मगरिबच्या अजानला दहा मिनिटं उरली की अमरावतीच्या इतवारा बाजारातली गर्दी घाईला येते. दुपारभर भावासाठी हुज्जत घालणारा गिऱ्हाईक मुकाट्यानं पैसे मोजतो, खजुराचा पुडा आणि टरबुजाची फाक घेऊन घराकडे पळतो. यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चात आलाय. मृग बहाराची संत्री बाजारात आहेत आणि ऊन अजून माणसात आहे. पाडवा आणि ईद तर जवळपास पाठोपाठच येताहेत.

या गर्दीत दरवर्षी काही नवे चेहरे असतात. बदलीवर आलेला बँकेचा कर्मचारी, विद्यापीठात शिकायला आलेली मुलगी, कृषी खात्यात रुजू झालेला तरुण. इथं राहायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला जुना अमरावतीकर चहाच्या टपरीवर कायम हजर असतो. तो मशिदीतून आलेला असो की अंबादेवीच्या दर्शनाहून, या बाबतीत दोघांचे सल्ले फारसे वेगळे नसतात.

पहिला सल्ला रेल्वेचा. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरच्या बहुतेक गाड्या अमरावतीत येतच नाहीत, त्या बडनेऱ्याला थांबतात. तेव्हा तिकीट काढताना बडनेरा पाहावं आणि तिथून शहरात यायचा वेळ धरून निघावं.

दुसरा सल्ला थोडा अभिमानाचा. वऱ्हाड म्हणजे नागपूर नव्हे. बाहेरचे लोक विदर्भ म्हटलं की नागपूर धरतात, हे जुन्या माणसाला खटकतं. नागपूर भोसल्यांचं, वऱ्हाडाचा इतिहास निराळा. इमादशाही, मग निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम आणि १८५३ पासून इंग्रजांचा कारभार. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. १४९० मध्ये स्वतंत्र झालेला तिचा संस्थापक फतेहउल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरकडच्या कानडी हिंदू घरातला. अचलपूरला गेल्यावर हौज कटोरा पाहावा, असा जुन्या माणसाचा आग्रह असतो. तलावाच्या मधोमध उभी असलेली ती अष्टकोनी इमारत पाहिली की या कोरड्या मुलखात पाण्याचं मोल राजालाही किती होतं, ते कळतं.

तिथून सल्ला खऱ्या विषयावर येतो. पाणी.

अमरावती शहराला मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळतं. नळ सुटण्याची वेळ घरभाडं ठरवण्याआधी विचारावी. अकोल्यात तर खोल्या किती यापेक्षा टाकी केवढी हे आधी पाहावं. पण शहर सोडून भातकुली, दर्यापूरकडे निघालं की प्रश्नच बदलतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो आहे. वरून पाहावं तर काळीभोर, खोल, कापसाची जमीन. खाली विहीर खणावी तर खारं पाणी. ते पिकाला दिलं तर जमीन बिघडते. पिढ्यान् पिढ्या पिऊन माणसाचं काय होतं, हे मूत्रपिंडाच्या आजारानं खंगलेल्या घरांना विचारावं.

म्हणून या पट्ट्यातला शेतकरी विहिरीपेक्षा आभाळाकडे पाहतो. खरिपात कापूस, तूर, मूग आणि मागे उरलेल्या ओलीवर हरभरा. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी हाच त्याचा गोडा साठा. पिण्यासाठी सातपुड्याचा आधार आहे. शहानूर धरणाचं पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे उतरतं, वानचं पाणी अकोट-तेल्हाऱ्याच्या ८४ खेडी योजनेला जातं. मेळघाटात पडलेला पाऊस खाली पठारावरच्या माठात येतो, असा हा हिशोब. जलवाहिनी फुटली, वीज गेली की तो बिघडतो आणि गाव पुन्हा टँकरची वाट पाहू लागतं.

दिवसभराचा रोजा पाण्याच्या घोटानं सुटतो. तो घोट गोड असणं हे शहरात कुणाच्या लक्षातही येत नाही. खारपाणपट्ट्यातल्या घरात मात्र इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू फळं नसतात, कळशी असते. शेजारच्या घरी एकादशी असो की चतुर्थी, उपास सोडताना त्यांचीही गत तीच. म्हणून जुना माणूस सांगतो, की या भागात कुणी पाण्याचा पेला पुढे केला तर ‘नको’ म्हणू नका आणि अर्धा टाकून उठू नका. वजू करतानाही नळ वाहता सोडू नये, हे इथं वेगळं शिकवावं लागत नाही.

पाण्याचा सख्खा भाऊ ऊन. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यानं रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो मे महिन्यात होता. अकोल्या-अमरावतीत पारा ४५ अंशांच्या आसपास आणि रोजा जवळपास पंधरा तासांचा. ज्यांनी ते रोजे धरले, त्यांना यंदाचे तेरा तास हलके वाटतात. पण मे यंदाही येणारच आहे. तेव्हा कूलरच्या ताट्या एप्रिलच्या आत बदलाव्यात, दुपारी बारा ते चार बाहेरची कामं काढू नयेत, डोक्याला दुपट्टा बांधताना लाजू नये आणि खिशात कांदा ठेवणाऱ्याला हसू नये. दाराबाहेर एक माठ आणि पाखरांसाठी एक परळ ठेवावा. फारच जीव कासावीस झाला तर चिखलदऱ्याला जावं. कॉफी पिकते तिथं, आणि गाविलगडच्या तटावर वारा असतो.

मग भाषा. बाजारात ‘सांबार’ मागितला तर इडलीबरोबरचं सांबार नव्हे, कोथिंबिरीची जुडी हातात येते. भेद्रं म्हणजे टोमॅटो, फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग, जांब म्हणजे पेरू. ‘काऊन बे’ म्हणून कुणी हाक मारली तर राग मानू नये, ती जवळीक आहे. मोहल्ल्यातल्या उर्दूतही ही वऱ्हाडी मुरलेली आहे. या भाषेतून सगळ्या जातीधर्मांच्या श्रोत्यांना हसवत शेतकऱ्याचं दुःख सांगणारे कवी डॉ. मिर्झा रफी अहमद बेग होते. उर्दूची गझल मराठीत रुजवणारे सुरेश भट १९३२ मध्ये याच शहरात जन्मले. ते एका वाटेनं गेले, मिर्झा दुसऱ्या. पण दोघांना ऐकायला जमणारी गर्दी कोणत्या गल्लीतली आहे, हे कुणी विचारलं नाही.

खाण्याबद्दल सल्ला थोडक्यात. सकाळी गिला वडा, हिवाळ्यात शेतात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, संत्री वरूड-मोर्शीची.

शेवटचा सल्ला जुना माणूस आवाज खाली करून देतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये शहरात संचारबंदी लागली होती, इंटरनेट बंद होतं. पुढच्या एप्रिलमध्ये अचलपूर-परतवाड्यात संचारबंदी लागली. नाव ऐकून घर नाकारलं जातं, हेही तो लपवत नाही. ‘आपल्या लोकांतच’ घर पाहा, असं नवख्याला सांगणारे भेटतात. जुना अमरावतीकर ते मानत नाही. एकेकाळी पेंढाऱ्यांच्या भीतीनं या गावाभोवती परकोट बांधला गेला. त्याच्या आत सगळेच राहिले आणि भीती बाहेरच्यांची होती. आता गल्ली-गल्लीत अदृश्य परकोट उभे राहिले तर आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवणार कोण?

अफवा फोनवरून येते, खात्री मात्र दारात जाऊन करावी लागते. त्यासाठी शेजाऱ्याचं दार आधीपासून ओळखीचं हवं. गाडगेबाबांची समाधी आहे ते हे गाव. झाडू हातात घेणाऱ्यानं अंगण कुणाचं हे पाहायचं नसतं, एवढं तरी इथं लक्षात राहायला हवं. म्हणून नव्या घरी सामान लागलं की पहिल्या आठवड्यात शेजारी जावं आणि सरळ विचारावं, ‘नळ किती वाजता येतो?’ वऱ्हाडात ओळख व्हायला याहून चांगला प्रश्न नाही. उत्तर देणारा बहुतेक वेळा घागर भरूनच देतो.

अजान झाली. इतवाऱ्यातल्या टपरीवर दुकानदारानं खजूर तोंडात टाकला आणि पेल्याकडे हात नेला. बाकावरच्या गिऱ्हाइकानं चहा मागायचा थांबवला आणि माठातला दुसरा पेला भरून त्याच्या पुढ्यात ठेवला.