जळालेल्या घरातील लाकडी सांगाड्याची दुरुस्ती

आगीतून वाचलेल्या जुन्या घराची तुळई काळीठिक्कर दिसली की घरधनी ती निकामी समजून जळणात टाकतो, अथवा खर्चाच्या भीतीने तीवर चुन्याचा हात फिरवून त्याच माळ्याखाली पुन्हा बिऱ्हाड मांडतो. पहिल्या प्रकारात चांगले सागवान वाया जाते. दुसरा प्रकार जिवावर बेतणारा आहे.

जाड लाकूड बाहेरून आत, सावकाश जळते. भर आगीत मिनिटास साधारणपणे अर्धा ते पाऊण मिलिमीटर लाकडाचा कोळसा होतो, व हा थरच आतील गाभ्याचे उष्णतेपासून रक्षण करतो. कोळशाला स्वतःला मात्र काडीचेही बळ नसते.

पंचनामा व्हावयाचा असल्यास तोपर्यंत काहीही हलवू नये. नंतर शाबूत बाजूकडून टेकू देत आत जावे आणि मगच माळ्यावरील पोती उतरवावीत. आग विझविताना भिजलेल्या धान्याचे ओझे नेहमीहून अधिक असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता सुताराकडून वाकस व पटाशीने स्वच्छ लाकूड लागेपर्यंत कोळसा तासून घ्यावा. त्याखालील पाच-सहा मिलिमीटर तपकिरी थर बळाच्या हिशेबात धरू नये. उरलेले माप घ्यावे. तुळईचे बळ रुंदीच्या आणि उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 15 सेंटिमीटर रुंद व 20 सेंटिमीटर उंच तुळई खालून व दोन्ही बाजूंनी 2-2 सेंटिमीटर गेली, तर 11 व 18 उरतात. डोळ्यांस दोन तृतीयांश लाकूड दिसते, पण बळ शेकडा 59 च राहते. अशा तुळईशेजारी तितक्याच लांबीची नवी तुळई आरपार बोल्टांनी आवळावी व तिची टोके खांबांवर किंवा भिंतीत नीट टेकवावीत.

खरा दगा सांध्यांत असतो. खांबाचे कुसू, भिंतीत शिरलेली टोके आणि लोखंडी खिळ्यांभोवतीची जागा टोच्याने टोचून पाहावी, कारण तापलेले लोखंड उष्णता आत नेते. टोचा सहज रुतल्यास तो भाग कापून बदलावा. वासे व रिपा बारीक असल्याने जळकट दिसल्यास सरळ नव्या घालाव्यात.

लाकूड पूर्ण वाळल्याखेरीज तेल अथवा रंग लावू नये. धुराचा वास राहिल्यास स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचे दोन हात द्यावेत.