जुनी आवृत्ती, वजा पाच गुण

२०२४च्या नीटचा गदारोळ सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या क्लासच्या स्टाफरूमची झोप मात्र पेपरफुटीच्या बातम्यांइतकीच भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाने उडवली होती. एनसीईआरटीची जुनी आवृत्ती म्हणत होती, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. नवी म्हणत होती, बहुतेकांचे. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाकले. प्रश्न कोरा सोडूनही ७११ गुण मिळवलेल्या एका उमेदवाराने या निर्णयाला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं; उत्तर एकच ठरलं, नव्या आवृत्तीचं. चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले आणि पहिल्या क्रमांकाचे मानकरी ६१ वरून १७ वर आले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं सेकंडहँड पुस्तक इतकं महाग कधी पडलं नसेल!

पुस्तकांची यादी ठरते तेव्हा स्टाफरूममध्ये रणधुमाळी असते. फिजिक्सच्या सरांना एच. सी. वर्मांचे दोन्ही भाग हवेत, केमिस्ट्रीवाल्यांना आणखी एक प्रश्नसंच. बायोच्या मॅडम शांतपणे एनसीईआरटी पुढे सरकवतात. ७२०पैकी ३६० गुण त्यांच्याकडे असतात, त्यांना आवाज चढवायची गरज काय? एका वर्षी घाईत एका लेखकाची आद्याक्षरं उलटसुलट छापली गेली. आठवड्याभरात समोरच्या क्लासची यादी हाती आली, तर तीच आद्याक्षरं तशीच उलटी! पालक मात्र दोन्ही याद्या ताडून पाहत होते.

राज्याच्या सीईटीचं दुखणं निराळं. जेईईची जाडजूड पुस्तकं पचवलेला एक हुशार मुलगा सीईटीला सहज म्हणून गेला. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्याने प्रत्येक गणित पायरीपायरीने, सुरेख सोडवलं. वेळ संपली, पेपर आपोआप सबमिट झाला आणि शेवटचे प्रश्न अंदाजाने टिक करायचेही राहून गेले. पुस्तकं सगळी होती. घड्याळ लावून सोडवलेला पेपर एकही नव्हता.

पेनाचीही तीच गत. नीटच्या आदल्या दिवशी एक वडील भारीतलं पेन शोधत फिरले. केंद्रावर पेन तिथलंच मिळतं, घरचं आत जातच नाही. मुलीने वर्षभर टेस्ट सिरीज मोबाइलवर दिली होती. ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोळे रंगवायला किती वेळ लागतो, हे तिला परीक्षेतच कळलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: नीटला चालू वर्षाची एनसीईआरटी घ्या. सीईटीला बालभारतीची पुस्तकं घ्या; तिथे बारावीचा वाटा सुमारे ८० टक्के आहे. मागच्या वर्षांचे पेपर परीक्षा होते तशाच पद्धतीने, वेळ लावून सोडवा. पैसे उरले, तर तिसरा प्रश्नसंच घेऊ नका. चुकलेली गणितं लिहायला एक वही घ्या आणि दर रविवारी ती उघडा.