विज्ञान प्रदर्शन, इंटरनेट आणि आपला स्वतःचा प्रश्न



विज्ञान प्रदर्शनावर बोलायला तत्त्वज्ञानाचा माणूस कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण "हे खरं आहे, हे मला कशावरून कळलं?" हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. आणि माझी सगळी नोकरी तोच प्रश्न शिकवण्यात गेली. त्यामुळे इथे बसलेले पालक, शिक्षक, पुढच्या रांगेतली पोट्टे-पोट्टी, आणि हे नंतर मोबाईलवर वाचणारे, सगळ्यांशीच बोलतो.

तालुक्याच्या प्रदर्शनाची तारीख लागली की मुलाचा पहिला प्रश्न काय असतो? "सर, मॉडेल कोणतं करू जी?" मग मोबाईल उघडतो, व्हिडिओ सापडतो. थर्माकोल, छोटी मोटर, एलईडी आणले जातात. रात्री बाबा चिकटवतात, आई रंगवते, आणि सकाळी मूल पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणतं. परीक्षकाने विचारलं, "या पवनचक्कीची पाती लहान केली तर काय होईल?" तर मूल बाबांच्या तोंडाकडे बघतं. बक्षीस मिळो न मिळो, त्या दिवशी मूल एक धडा शिकतं: विज्ञान म्हणजे दुसऱ्याचं उत्तर नीट सजवून मांडणं. हा धडा फार महागात पडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: इंटरनेटवरून माहिती घ्या, पद्धत घ्या, जुने आकडे घ्या. प्रश्न आणि मोजमाप मात्र आपल्या अंगणातलं असू द्या.

आणि हे केवळ माझं मत नाही. मोठ्या स्पर्धांची अपेक्षाही हीच असते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ मध्ये देशपातळीवर सुरू झाली, तिचा पायाच हा आहे की मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा आणि त्याचा अभ्यास करायचा. 'इन्स्पायर अवॉर्ड मानक' योजनेत शाळेमार्फत मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवल्या जातात. निवड झाली तर १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. तिथे कल्पनेचं नावीन्य पाहतात. हजारदा पाहिलेला व्हिडिओ तिथे काय कामाचा?

आता जरा माझ्या प्रांतात या. आपल्याकडच्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान. मोबाईलमध्ये जे दिसतं, त्यातलं बहुतेक सगळं या चौथ्या खात्यात जातं. व्हिडिओ डोळ्यांनी पाहिला म्हणून तो प्रत्यक्ष होत नाही. कुणीतरी काहीतरी दाखवतो आणि आपण विश्वास ठेवतो. पण शब्द प्रमाण कधी? सांगणारा 'आप्त' असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे! ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली आहे आणि जी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त.

ही कसोटी लावून बघा. "चुंबक आणि तार वापरा, बॅटरीशिवाय फुकट वीज मिळवा" असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बल्ब पेटलेला दिसतो. मुलगा म्हणतो, सर, डोळ्यांनी पाहिलं. अरे बाबा, ऊर्जा शून्यातून तयार होत नाही. चुंबक नुसता शेजारी ठेवून दिवा जळत राहत नाही. अशा खेळात बहुधा फळीखाली किंवा बल्बच्या पोटात सेल लपवलेला असतो. सांगणाऱ्याला 'व्ह्यूज' हवे आहेत, सत्य सांगायची त्याला गरज नाही. म्हणजे तो आप्त नाही.

मग आप्त कुठे भेटतील? काही ठिकाणं सांगतो, वहीत लिहून घ्या.

संकल्पना समजून घ्यायला मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. टाकाऊ वस्तूंतून प्रयोग कसे करायचे, ते अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर बघा. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा माणूस पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी खेळणी बनवत राहिला; तिथे मराठी पुस्तकंही आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे आभासी प्रयोग आहेत, त्यातले कितीतरी मराठीत चालतात. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप बनवलं आहे. त्याने फोनमधले सेन्सर वापरून प्रत्यक्ष मोजता येतं, म्हणजे मोबाईल शब्दाच्या खात्यातून प्रत्यक्षाच्या खात्यात येतो! आणि पावसाचे आकडे हवेत तर राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन'वर मंडळनिहाय मिळतात. घरी पर्जन्यमापक करून रोजची नोंद घ्या, आपल्या मंडळाच्या आकड्याशी ताडून बघा. फरक का पडतो, हाच एक प्रकल्प झाला.

आता एक प्रकल्प पायरीपायरीने उभा करू.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि घरोघरी माठ असतो. आजी म्हणते, "नवा माठ पाणी जास्त गार करते, जुना झाला की करत नाही." हा झाला दावा. इंटरनेटवर शोधलं तर कारण कळतं: माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याला त्यासाठी सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे मडक्यात दोन लिटर पाणी असेल आणि त्यातलं २० ग्रॅम उडून गेलं, तर हिशेबाने तापमान साधारण ५.८ अंशांनी उतरायला हवं. इथपर्यंत सगळं उसनं आहे. इथे थांबलो तर पुन्हा तोच तक्ता, तेच पाठांतर.

आता आपला प्रश्न. आपल्या खालच्या अंगाला पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूरकडच्या विहिरींचं पाणी खारं. क्षार साचून माठाची छिद्रं बुजतात का? खाऱ्या पाण्याचा माठ लवकर 'म्हातारा' होतो का? आजीच्या गावचा प्रश्न आहे हा, आणि त्याचं उत्तर कोणत्याही व्हिडिओत तयार बसलेलं नाही.

एकाच कुंभाराकडून दोन-दोन लिटरची चार सारखी मडकी आणा. दोनांत खारं पाणी भरा, दोनांत गोडं. तुलनेसाठी तेवढंच पाणी स्टीलच्या भांड्यात, झाकण लावून ठेवा. रोज ठरल्या वेळी तापमान बघा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. जितकं वजन घटलं तितकं पाणी उडालं. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, शाळेच्या प्रयोगशाळेतला शून्य ते ११० अंशांचा मागून घ्या. महिनाभर नोंदी करा.

इथे नैयायिकांची एक सूचना फार मोलाची आहे. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे तिथे धूर आहे, असं म्हणता येत नाही. लालबुंद लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. समजा, गोड्या पाण्याची मडकी खिडकीत ठेवली आणि खाऱ्या पाण्याची कोपऱ्यात. गोडं पाणी जास्त गार झालं, तर ते पाण्यामुळे की वाऱ्यामुळे? वारा ही इथली उपाधी. म्हणून चारही मडकी एका जागी, एका सावलीत ठेवायची आणि रोज त्यांच्या जागा आपसात बदलायच्या. विज्ञानाचे शिक्षक यालाच चल नियंत्रित करणं म्हणतात.

आणि महिन्याने काहीच फरक दिसला नाही तर? तसंच लिहा! "एका महिन्यात फरक आढळला नाही" हा खरा निष्कर्ष आहे. आकडे वळवून आणलेला फरक हा खोटेपणा आहे. उष्णता बाहेरून सतत आत येते, म्हणून ५.८ अंशांचा हिशेब प्रत्यक्षात कमी भरेल; त्याचीही चर्चा करा. परीक्षकाला अशी खाडाखोड असलेली, तारीख-वेळ घातलेली नोंदवही दाखवा. बाबांकडे बघायची पाळी येत नाही.

पालकांना आणि शिक्षकांना दोन शब्द. घरात फोन एकच असतो, मेळघाटात वर गेलं की रेंजही जाते. म्हणून आधी कागदावर पाच प्रश्न लिहा आणि मग अर्धा तास फोन द्या. शोधताना 'बाष्पीभवन' आणि 'इव्हॅपोरेशन' दोन्ही शब्द टाकून बघा. एकच गोष्ट दोन वेगळ्या ठिकाणी तपासा. कुठून काय घेतलं ते तक्त्यावर नावानिशी लिहा, त्यात कमीपणा नाही. चॅटजीपीटीसारखी साधनं वापरायचीच असतील तर "माझ्या प्रयोगात उणीव कुठे आहे?" असं विचारा; अहवाल लिहून मागू नका. वीज, आम्ल, आग यांच्याशी मोठं माणूस जवळ असल्याशिवाय खेळायचं नाही. आणि मदत करायची तर हात लावू नका, प्रश्न विचारा: "तुला हे कशावरून कळलं?"

उद्या हेच मूल मतदान करेल, बियाणं विकत घेईल, औषध घेईल, फोनवर आलेला निरोप पुढे पाठवेल की थांबवेल. त्या वेळी पदक कपाटात असेल. "कशावरून?" असं विचारायची सवय मात्र सोबत राहिली पाहिजे. ती लागली, तर प्रदर्शनात नंबर आला नाही तरी प्रकल्प यशस्वी झाला असं मी समजेन.

 आता प्रश्न विचारा, आधी मुलांनी.