कौलाच्या पाठीवरची अक्षरं

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी छपरावर माणूस चढतो. फुटकी कौलं खाली येतात, त्यांच्या जागी नवी जातात आणि उतरवलेल्यांचा ढीग मागच्या पडवीशी लागतो. त्या ढिगातली कौलं उलटी करून वाचण्याचा छंद प्रस्तुत लेखकाला अनेक वर्षांचा आहे. कौलाच्या पाठीवर मजकूर असतो. कुठे नुसतं गावाचं नाव, कुठे कारखान्याची खूण, आणि कुठे उठावाच्या रोमन अक्षरांत ‘बासेल मिशन टाइल वर्क्स 1865’.

हे साल वाचून घराचं वय सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. 1865 हे कारखाना निघाल्याचं साल. ते साच्यातच कोरलेलं होतं, म्हणून पुढची कित्येक दशकं कौलामागून कौलावर उमटत राहिलं.

कारखाना काढणाऱ्याचं नाव मात्र कौलावर नाही. गेओर्ग प्लेब्स्ट हे मूळचे छापखान्याचे गृहस्थ. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1851 मध्ये त्यांना मंगळूरला धाडलं ते मुद्रणासाठी. तोवर तिथे शिळाछाप चालत असे. ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र 1843 मध्ये तसंच निघालं होतं. प्लेब्स्ट यांच्याबरोबर खिळ्यांची छपाई आली. धर्मांतर केलेल्यांचा जुना धंदा जातीबरोबर सुटत असे, त्यांना काम देणं मिशनला भाग होतं. विणकाम झालं, छपाई झाली. मिशनऱ्याने व्यापारात पडावं का, हा वाद मिशनमध्ये सतत चालू होता. कामाच्या प्रश्नाचं उत्तर प्लेब्स्ट यांनी मातीत शोधलं. युरोपात गेले असताना त्यांनी मातीकाम समजून घेतलं आणि परतल्यावर नेत्रावती नदीकाठच्या मातीवर प्रयोग करून मंगळूरमधल्या जेप्पूला कारखाना उभा केला. माती मळायला बैलजोडी होती.

नमुना त्यांचा नव्हे. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट अल्सासमधल्या आल्टकिर्शच्या गिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये घेतलं होतं. ते गाव बासेलपासून तीसेक किलोमीटरवर. तरीही श्रेय प्लेब्स्ट यांचंच मानावं लागेल, कारण ही वस्तू पश्चिम किनाऱ्याच्या मातीत आणि पावसात त्यांनी रुजवली. मुद्रकाला साचा, दाब आणि मापाची अचूकता कळत होती. एक खिळा दुसऱ्याला चिकटून बसला नाही तर ओळ मोडते. एक कौल दुसऱ्यात बसलं नाही तर घर गळतं.

त्याआधी घरांवर कुंभाराचे नळे असत. अर्धगोल, हाताने केलेले, एकमेकांवर नुसते टेकवलेले. वानरांची टोळी नाचून गेली की सरकत, म्हणून दर वर्षी सगळं छप्पर परतावं लागे. मंगळुरी कौलाला खाचा आहेत, खाली रिपेला अडकणारी नाकं आहेत. वजन दोन ते तीन किलो. चौरस मीटरला साधारण 15 पुरतात. 1868 मध्ये आल्बुकर्क घराण्याने कारखाना काढला, मागून अनेक आले. मिशननेही कुद्रोळी, मलपे आणि खाली केरळात फेरोकपर्यंत भट्ट्या पेटवल्या.

पहिल्या महायुद्धाने हे मोडलं. मिशन स्वित्झर्लंडचं असलं तरी त्यातली बरीच माणसं जर्मन. त्यांपैकी अनेकांना इंग्रजांनी आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं. कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या 1919 मध्ये स्थापन झालेल्या इंग्रजी कंपनीकडे गेले. एकाच छपरावर मिशन आणि ट्रस्ट ही दोन्ही नावं आढळली, तर मधल्या काळातली दुरुस्तीच आपल्या हाती लागते.

दुरुस्ती करणाऱ्याला या इतिहासाचा रोकडा उपयोग आहे. दोन कारखान्यांची कौलं दिसायला सारखी असली तरी एकमेकांत बसतीलच असं नाही. भारतीय मानकातच तीन मापं आहेत: 410 बाय 235, 420 बाय 250 आणि 425 बाय 260 मिलिमीटर. माप बदललं की रिपांमधलं अंतर बदलतं. ते न पाहता नवी कौलं जुन्यांत घुसवली की फट राहते, पाणी वाशात मुरतं आणि दोष मात्र कौलाला लागतो. म्हणून जुनी धड कौलं एका बाजूच्या उतारावर एकत्र आणावीत, नवी सगळी दुसऱ्या बाजूला. नव्या बाजूच्या रिपा नव्या मापाने ठोकाव्यात. खरेदी करताना कौल बोटाने वाजवावं. नीट भाजलेलं खणखणतं, कच्चं किंवा तडकलेलं बद्द वाजतं. शंका असेल तर कोरडं कौल तोलून चोवीस तास पाण्यात ठेवावं आणि पुन्हा तोलावं. जे कमी पाणी प्यालं ते घ्यावं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगडात कौलं आणि पत्रे दोन्ही उडवले. त्यानंतर अनेकांनी कौलांना रामराम केला. पण पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही. वाऱ्याची भीती असेल तर कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने रिपांना बांधता येतात. एखादं कौल फुटलं तर तेवढंच बदलतं. पत्रा फाटला तर अख्खा उतरवावा लागतो.

मंगळूरचे बहुतेक जुने कारखाने आज बंद आहेत, तेव्हा जुनं धड कौल भंगारात घालू नये. येत्या मे महिन्यात गडी छपरावर चढला की एक कौल खाली मागवा, त्याची पाठ वाचा, लांबीरुंदी मोजा आणि ते सोबत घेऊनच दुकानात जा.