चैत्रातील पायी यात्रा आणि उष्माघात

रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंग गडावर भरणाऱ्या यात्रेसाठी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील भाविक पायी निघतात, तेव्हा खानदेशातील पारा अनेकदा ४० अंशांच्या आसपास असतो. उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारण ७ ते १४ दिवस लागतात, त्यामुळे वर्षभर दुकानात वा कचेरीत बसणाऱ्याने थेट दिवसभर चालू लागणे धोक्याचे ठरते. पहाटे निघून दहा-अकराच्या आत मुक्काम गाठणे आणि उरलेली मजल ऊन कलल्यावर मारणे, ही जुनी रीत वैद्यकीय दृष्ट्याही योग्य आहे.

घामाची वाफ होताना त्वचेतील उष्णता निघून जाते. मात्र येथील कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळत असल्याने शरीरातील पाणी किती घटले, हे चालणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. घामावाटे मीठही जाते, म्हणून तासन्‌तास नुसते पाणी पिण्याऐवजी अधूनमधून मीठ घातलेले ताक किंवा ओआरएस, म्हणजे साखर व क्षार यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण, घ्यावे. १ लिटरसाठी असलेली पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच विरघळवावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना तापलेल्या डांबराचा चटका कळत नाही आणि त्यांच्या जखमाही लवकर भरत नाहीत. अशांनी अनवाणी चालण्याचा नवस करू नये, हे घरातल्यांनीच त्यांना आग्रहाने सांगायला हवे.

उष्माघातात शरीराचे तापमान बहुधा ४० अंशांवर जाऊन मेंदूचे काम बिघडते: रुग्ण असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, बेशुद्धही पडतो. देवीच्या वाटेवर अशा अवस्थेला अंगात आले असे समजले गेले, तर उपचाराचा मोलाचा वेळ वाया जातो. म्हणून घुमणाऱ्या व्यक्तीचेही अंग हात लावून पाहावे. ते कढत लागल्यास तिला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर सतत पाणी शिंपडत वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत थंडावा देणे थांबवू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत शिरू शकते. तापाच्या गोळीचाही येथे उपयोग नाही: ती संसर्गामुळे मेंदूने वाढवलेले तापमान उतरवते, उन्हाने चढलेले नव्हे.